चारशे बारा अंश

योगिता बेडसेनं कोठाराच्या बगलेची बाराही झाकणं उघडली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि तिच्या मनात दयेखेरीज दुसरं काही नव्हतं. पाप करणारा माणूस आधी इकडंतिकडं बघतो. तिनं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला, एकेक चाक दोन्ही हातांनी धरलं आणि पाटाचं दार उघडावं तितक्या सहज फिरवलं.

बाहेर धुळीचा सहावा दिवस होता. पश्चिमेच्या वाळवंटांतून उठलेलं मातीचं आभाळ समुद्र ओलांडून खानदेशावर येऊन बसलं, ते हलायचं नाव घेत नव्हतं. सूर्य दिसायचा, पण हळदीच्या पाण्यात बुडालेल्या ताटलीसारखा. माळावरचे सौरपत्रे पुसून पुसून बायकांचे हात सोलवटले, तरी वीज निघत होती नेहमीच्या दहाव्या हिश्शानं. उष्मा सत्तेचाळीस अंशांचा. आणि निंबगव्हाणच्या त्या एका कोठारावर एकवीस गावं आणि भोनगावचं बाळंतिणींचं रुग्णालय तगून होतं. रुग्णालयात गार खोलीत ठेवलेली अकरा बाळं होती, दिवस भरायच्या आधी जन्मलेली.

कोठार म्हणजे काय, ते सांगायला हवं. कोळशाची वीजघरं बंद करायचं ठरलं तेव्हा दिवसाची ऊन-वीज रात्रीसाठी ठेवायची कुठं, हा प्रश्न होता. उत्तर पायाखालीच निघालं. धुळ्याच्या भोवती काळ्या कातळाच्या भिंतीच्या भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत. तोच दगड फोडायचा, सहा मजली पोलादी पिंपात बारा थरांनी भरायचा आणि दिवसाच्या जादा विजेनं तो सहाशे अंशांपर्यंत तापवायचा. नंतर खालून गार हवा सोडायची. ती दगडांतून वर चढताना तापत जाते, वरून बाहेर पडते, पाण्याची वाफ करते, आणि वाफ चक्की फिरवते. सात देशांनी मिळून हा उष्माकरार केला होता. पंखे डेन्मार्कचे, तांबं चिलीचं, नियंत्रणाची यंत्रणा पोर्तुगालची, शिकवण केनियाची. दगड आपला. आणि करारात एक शब्दही आपला होता: पाटकरी. सात भाषांत त्याला प्रतिशब्द सापडेना, म्हणून जगभरच्या कोठारांवर चावी सांभाळणाऱ्याला सगळे पाटकरीच म्हणू लागले.

हा शब्द पांझरा नदीकाठच्या फडांवरून उचललेला. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायची रानं. पाणी वाटणारा तो पाटकरी. त्याला स्वतःची जमीन नसावी, हा जुना दंडक, कारण ज्याला शेत नाही त्याचा हात वाकडा होत नाही. योगिताकडं वीतभरही जमीन नव्हती. नऊ वर्षं तिनं पाटाचं पाणी वाटलं आणि गावानं तिलाच कोठाराची चावी दिली. फडाचा दुसरा दंडक तिच्या हाडांत मुरला होता: टंचाई आली की पाटाच्या शेपटाकडच्या रानाला आधी पाणी. तोंडाशी बसलेला कसाही आपलं भागवतो, शेपटाकडच्याला कोण विचारतो?

त्या सकाळी तिनं थरांची तापमानं वाचली. वरचे सात थर सहाशेवर. खालचे पाच दीडशेवर येऊन ठेपलेले. सात जण तृप्त आणि पाच जण उपाशी, हे तिच्या डोळ्यांना बघवेना. बगलेच्या झाकणांतून वरची गरम हवा खाली वळवता येते, हे तिला ठाऊक होतं. ती झाकणं कोठार भरताना वापरायची, रिकामं करताना कधीच नाही, हेही केनियाहून शिकवायला आलेल्या वांजिरूनं तीनतीनदा घोकून घेतलं होतं. पण वांजिरू पंख्यांच्या गाळणीचं कापड आणायला धुळ्याला गेली होती. आणि हात मात्र नऊ वर्षांच्या सवयीचा होता.

दीड वाजता ती चक्कीच्या खोलीत आली आणि वाफेच्या काट्यापाशी थबकली.

काटा नेहमी पाचशे साठवर उभा असायचा. आता तो पाचशे अठरावर होता. ती बघत असतानाच तो पाचशे सतरावर आला.

चारशे ऐंशीच्या खाली चक्की आपोआप थांबते.

योगिता धावत झाकणांकडं गेली. बाराही चाकं उलटी फिरवताना हाताची साल निघाली, ते तिला कळलंही नाही. मग तिनं थरांची तापमानं पुन्हा वाचली, आणि खाली बसली. सहाशेचा एकही थर उरला नव्हता. वरचे कसेबसे पाचशे वीस, मधले चारशे, खालचे तीनशेच्या आसपास. सगळे जवळजवळ आले होते. फडावर असं झालं असतं तर लोकांनी तिचा शाल-नारळानं सत्कार केला असता.

पण उष्णता म्हणजे पाणी नव्हे. उकळत्या पाण्याचा हंडा गार पाण्याच्या हंड्यात ओतला तर दोन हंडे कोमट पाणी मिळतं. ऊब कुठं गेलेली नसते, सगळी तिथंच असते. पण कोमट पाण्याचा हौद भरला तरी त्यात चहा उकळत नाही. कोठारातली ऊब कामाची असते ती वर गोळा होऊन राहिलेली असते तोवरच. तिनं ती प्रेमानं सगळ्यांत वाटून टाकली होती. दोन दिवसांची वीज साडेतीन तासांवर आली होती.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मात्र आकडा होता चारशे बारा. सकाळीही तोच, फार तर एखाद्या अंशाचा फरक. सात भाषांच्या लोकांना एका नजरेत कळावं म्हणून करारवाल्यांनी सगळ्या थरांची सरासरी तेवढी पडद्यावर ठेवली होती. मिसळलं तरी सरासरी हलत नाही. तोच आकडा या क्षणी लिस्बनच्या केंद्रात दिसत होता, धुळ्याच्या कचेरीत दिसत होता, आणि तो बघून सगळे निर्धास्त होते. धूळ परवा सकाळी हटणार, निंबगव्हाणकडं दोन दिवसांची वीज आहे, चिंता नाही.

चार वाजता सगळ्या कोठारांच्या पाटकऱ्यांची सामाईक लाइन लागायची. धुळ्याच्या बाह्यवळणावर आठ ट्रेलरांवर लादलेल्या भरलेल्या बॅटऱ्या उभ्या होत्या. तो ताफा कुणाकडं पाठवायचा, हे आज चारला ठरणार होतं. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याच्याकडं.

तिनं कुलूप घातलं आणि देवळाकडं निघाली.

देवळात हरिनाम सप्ताह चालू होता. भोंगा बंद, पंखे बंद, वीज वाचवायची म्हणून रात्रीचं कीर्तनही कौतिक महाराजांनी दुपारी ओढलं होतं, कारण सभामंडपाची फरशी गार आणि गावातली सगळी म्हातारीकोतारी तिथं येऊन पडलेली. "घरात तापून मरण्यापेक्षा इथं नामात बसा, माउलींनो," असं सांगून महाराजांनी पहिल्याच दिवशी शंभर माणसं जमवली होती. आता ते भोंग्याशिवाय, उघड्या गळ्यानं आख्यान रंगवत होते. मधेच थांबून म्हणायचे, "नाना, झोपला नाहीस ना? पाणी पी. देव कुठं जात नाही, तूच जाशील!" आणि त्या भट्टीतही मंडप हसायचा.

हिरामण आप्पा खांबाला टेकून बसले होते. फडाचे पंच, वय पंचाहत्तर, योगिताला पाटावर पहिल्यांदा उभं करणारे तेच. ती त्यांना खूण करणार, एवढ्यात वीणेचा पहारा बदलला. सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. थकलेल्या वीणेकऱ्यानं दुसऱ्याच्या पायाला हात लावला, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि हळूच पण स्पष्ट म्हणाला, "डावीकडची खुंटी सरकते. दर घटकेला बघत जा." दुसऱ्यानं मान हलवली. झालं. कुणाला त्यात लाज वाटली नाही, कुणी कुणाला बोललं नाही.

योगितानं मग आप्पांना खूण केली.

आप्पांना तिनं देवळामागं नेऊन सगळं सांगितलं. ते काठीनं मातीत रेघा मारत राहिले.

"कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"केनियावाल्या बाईला?"

"ती तीन-साडेतीनला येईल."

"मग ऐक." आप्पांनी आवाज खाली आणला. "कलम एकोणीस आठवतंय ना? रिकामं करताना हातानं फेरफार केला, तर चावी लिस्बनला. तीन वर्षं! हे कोठार इथं आणायला मी सात गावांचे पाय धरले. चावी गेली की ते कोठार म्हणजे परक्याच्या वाड्यातली विहीर. बघायची, पाणी मागायचं. योगे, पंखा बिघडला म्हण. धुळीनं निम्मे पंखे खोकताहेतच."

"पंख्यावर आळ घालू?"

"पंख्याला काय बायकापोरं आहेत?"

"आप्पा, पंखा बिघडला म्हटलं तर ते पंख्याचा माणूस पाठवतील. ताफा नाही पाठवणार. आकडा चारशे बारा आहे. पाच वाजता चक्की थांबेल आणि ते म्हणतील, ऊब तर भरपूर आहे, पंखा नीट करा. रुग्णालयाच्या बॅटऱ्या दोन तासांच्या. मग?"

आप्पा चिडले. "मग तुला कुणी सांगितलं होतं शेपटाची दया करायला?"

"तुम्हीच," ती म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिला वाईट वाटलं. आप्पांचा चेहरा उतरला. काठी टेकत ते मंडपात परत गेले, मागं न बघता.

वांजिरू कामाऊ पावणेचारला आली. गाळणीच्या कापडाचे गठ्ठे, केसांत धूळ, ओठ फुटलेले. तीन वर्षं ती निंबगव्हाणात राहत होती, भाकरी थापायला आणि अहिराणी बोलायला शिकली होती. पुढच्या महिन्यात कोठार गावाच्या हवाली करून तिला दुसऱ्या खोऱ्यात जायचं होतं. योगिताला बघून तिनं गठ्ठा खाली टाकला.

"काय व्हयनं?"

योगितानं सांगितलं. तोंड धुऊन घेतल्यासारखं सगळं एकदम.

वांजिरू चक्कीच्या खोलीत गेली, काटा बघितला. पाचशे एक. थरांची तापमानं बघितली. परत आली.

"तुझ्या हमीवर माझी सही आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "लिहिलंय मी, ही बाई चुकणार नाही."

"मग तू सांग त्यांना. मी चुकले म्हणून सांग."

वांजिरूनं घड्याळ बघितलं. "माझ्या तोंडून गेलं तर ती तक्रार होईल. तू बोल. मी शेजारी बसते."

चार वाजले. पडद्यावर चौकोन उजळत गेले. मोरोक्को, चिली, व्हिएतनाम, केनियातली दोन कोठारं, आणि इकडं सातपुड्याच्या पायथ्याचं मोलगव्हाण. तिथला पाटकरी दिलवर वळवी, तिशीतला, गळ्यात गमछा. तो नेहमीसारखा हसला नाही. लिस्बनचे समन्वयक दुआर्ते बोलू लागले आणि यंत्रातून त्यांचं बोलणं सपाट मराठीत उमटलं.

"खानदेशात दोन कोठारं ताणाखाली आहेत. निंबगव्हाण चारशे बारा. मोलगव्हाण तीनशे एकसष्ट. नियमानुसार ताफा मोलगव्हाणला जाईल. कुणाची हरकत?"

वांजिरूचा हात टेबलाखाली योगिताच्या सोललेल्या तळव्यावर आला. दुखलं, आणि त्या दुखण्यानं आवाज फुटला.

"हरकत आहे. निंबगव्हाणची पाटकरी बोलते. माझा आकडा खरा आहे, पण त्याच्यावर विसंबू नका."

तिनं सांगितलं. दहा वाजता काय उघडलं, किती वेळ, कुणीही सांगितलेलं नसताना. पंख्याचा दोष नाही. वांजिरूबाई इथं नव्हत्या, त्यांचा दोष नाही. आता वाफ चारशे अठ्ठ्याण्णववर आहे, पाचच्या सुमाराला चक्की थांबेल. गावांची वीज मी आत्ताच तोडते, रुग्णालयाची तेवढी ठेवते. त्यानं दहा-पंधरा मिनिटं वाढतील. अकरा बाळं आहेत.

यंत्रानं ते सात भाषांत पोचवायला क्षणभर घेतला.

दुआर्तेंनी चष्मा काढला. "कलम एकोणीस..."

"ठाऊक आहे, साहेब. चावी आत्ता काढून देते. आधी ताफ्याचं बोला."

"ताफा एकच आहे, बाई. मोलगव्हाणचा आकडा तुमच्याहून पन्नासनं कमी आहे. तिथंही दवाखाना आहे. मी कोणाच्या तोंडचं काढू?"

काटा चारशे शहाण्णव.

"साहेब, एक मिनिट." दिलवर वळवी होता. त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. "आकड्याचं असं आहे... माझे खालचे सात थर गार झालेत, म्हणून आकडा पडलाय. पण वरचे पाच अजून सहाशेवर आहेत. मी काही मिसळलं नाही. माझी वाफ पाचशे साठवर आहे, हे बघा." त्यानं कॅमेरा काट्याकडं वळवला. "दीड दिवस निघेल माझा. ताफा ताईकडं पाठवा."

"धूळ परवा सकाळी हटणार आहे," दुआर्ते म्हणाले. "तुमचे चार-पाच तास कमी पडतात."

"पडतात. माझ्या पाड्यांना मी सांगेन, उद्या दुपारी वीज नाही, नदीकाठी आंब्याखाली बसा. शिव्या देतील. आज तर देणारच आहेत, ताफा येणार म्हणून सांगून बसलोय मी." आता तो जरासा हसला. "ताई, तेवढं खालच्या थरांकडं बघायचं सोडा. माझेही प्राण कासावीस होतात. मी त्या थरांच्या काट्यांवर गोणपाट टांगून ठेवलंय, दिसूच नये म्हणून."

योगिताच्या डोळ्यांतून पाणी आलं ते धुळीनं काळं झालं.

चार वाजून बावीस मिनिटांनी ताफा हलला. धुळ्याहून भोनगाव एरवी तासाभराचा रस्ता, पण पिवळ्या अंधारात ट्रेलर रांगत होते. योगितानं एकेक गाव तोडलं. निंबगव्हाण सगळ्यांत आधी. पाच वाजून अठरा मिनिटांनी काटा चारशे ऐंशीवर आला आणि चक्की मोठा उसासा टाकून थांबली. आता सगळा भार रुग्णालयाच्या दोन तासांच्या बॅटऱ्यांवर. वांजिरू फोन कानाला लावून उभी होती. सहा. सव्वासहा. एक ट्रेलर पुलाच्या चढावर अडकला, रांग थांबली. पावणेसात. बॅटऱ्यांत अठ्ठावीस मिनिटं उरली असताना पलीकडून एक परिचारिका ओरडून काहीतरी म्हणाली. वांजिरूनं फोन योगिताच्या कानाला लावला. गाड्यांची घरघर ऐकू येत होती, आणि तिच्यावर ताण करून एक बाळ रडत होतं.

मग वांजिरूनं हात पुढं केला. योगितानं गळ्यातली चावी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

धूळ तिसऱ्या दिवशी सकाळी निवळली. मोलगव्हाण साडेचार तास विजेशिवाय राहिलं. तिथल्या दवाखान्याची वीज मात्र दिलवरनं तुटू दिली नाही. निंबगव्हाणचं कोठार आता लिस्बनहून भरलं जात होतं. झाकणं आपोआप उघडत होती, मिटत होती, आणि योगिता फक्त खोली झाडायला आली होती. सप्ताहाचं काल्याचं कीर्तन झालं होतं. ती मंडपात गेली तेव्हा काहींनी बोलणं थांबवलं होतं, काहींनी तोंड फिरवलं होतं. कौतिक महाराजांनी मात्र सगळ्यांदेखत तिला काल्याचा पहिला घास दिला आणि एक अक्षर बोलले नाहीत.

केरसुणी कोपऱ्यात ठेवत असताना सामाईक लाइनची घंटी वाजली. ठरल्या वेळेची नव्हे. पडद्यावर मोरोक्कोचा पाटकरी इद्रिस होता, पांढऱ्या दाढीचा. त्याच्या मागं दार लावलेलं दिसत होतं.

"निंबगव्हाणची पाटकरी?" यंत्र म्हणालं.

"आता नाही. पण बोला."

"मला एक विचारायचं आहे." तो थांबला. "तुम्ही सांगितल्यावर... तुमचं काय झालं? खरं सांगा."

योगिता खुर्चीच्या कडेवर टेकली. खोटं दिलासा देणारं बोलणं तोंडाशी आलं होतं. ते तिनं गिळलं.

"चावी गेली. तीन वर्षांसाठी. वांजिरूबाईंची पुढची नेमणूक रोखली आहे, चौकशी होईल म्हणतात. गावातली निम्मी माणसं बोलत नाहीत. ज्यांनी मला हे काम शिकवलं त्यांच्या दारावरून गेले, तर त्यांनी आत जाऊन कडी लावली."

इद्रिसनं मान खाली घातली.

"आणि अकरा बाळं होती," ती म्हणाली. "अकराही आहेत. आज सकाळी मोजून आले."

मग त्या म्हाताऱ्यानं खुर्ची पडद्याजवळ ओढली, घसा साफ केला, आणि मागच्या हिवाळ्यातल्या, आजवर कुणालाच न सांगितलेल्या एका सकाळपासून सांगायला सुरुवात केली.